पोरगं घरी आल्यावर

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर पाय ठेवायला जागा नसते. पैठण गेटकडून, औरंगपुऱ्याकडून, सिटी चौकाकडून माणसे येतच राहतात. अशा गर्दीत कुणाचा मोबाइल जातो, कुणाचे पाकीट, कुणाची उभी केलेली दुचाकी. कधी पंधरा-सोळा वर्षांचा एखादा मुलगा सापडतो. घोळका जमतो, चार हात पडतात, कुणीतरी पोलिसांना फोन लावते. आणि घोळक्यातून हमखास एक प्रश्न येतो : "कुणाचं पोरगं आहे रे हे?"

प्रश्न बरोबर आहे. पण तो रागाने विचारला जातो आणि उत्तरासाठी कुणी थांबत नाही. ही टिपणे त्या उत्तरासाठी.

*

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात अल्पवयीन मुले आरोपी असलेले ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. आदल्या वर्षीचा आकडा ३१,१७० होता. याच अहवालात पकडलेली मुले कुठे राहत होती, याचाही तक्ता असतो. वर्षामागून वर्षे तो तक्ता एकच गोष्ट सांगतो. बेघर मुले थोडी आणि आईवडिलांबरोबर राहणारी मुले फार जास्त. ज्यांना आपण "रस्त्यावरची पोरं" म्हणून मोकळे होतो, त्यांतल्या बहुतेकांना रात्री जेवायला वाढणारे कुणीतरी घरी असते. ती घरातून येतात आणि घरीच परत जातात.

मग काम कुठे करायला हवे, हे उघड आहे.

*

कायदा घराला विसरलेला नाही. २०१५ चा बाल न्याय अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवायचे नाही, चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे आणायचे. आईवडिलांना कळवायचे. परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली एक स्त्री असलीच पाहिजे. प्रत्येक टप्प्यावर मुलाला आणि पालकांना काय चालले आहे ते समजले पाहिजे, याची जबाबदारीही मंडळावरच.

कलम १८ मधला पहिलाच पर्याय बघा. मुलाला समज देऊन घरी पाठवायचे, आणि त्याचे व त्याच्या आईवडिलांचे समुपदेशन करायचे. आईवडिलांचे हा शब्द कायद्यातच आहे. विशेष गृहात ठेवणे हा यादीतला शेवटचा पर्याय आणि तोही जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. संस्थेत ठेवणे हा अखेरचाच उपाय असावा, हे तत्त्व कलम ३ मध्ये वेगळे लिहून ठेवले आहे.

कायद्याने दार उघडे ठेवले आहे. त्यातून घरात जाणारा माणूस मात्र नेमलेला नाही.

*

मंडळाने चौकशी चार महिन्यांत संपवावी, असे कलम १४ म्हणते. फार तर आणखी दोन महिने.

हे चार महिने घरात कसे जातात? तारखेच्या दिवशी बापाचा खाडा पडतो. आईला नातेवाइकांची बोलणी. धाकट्या भावंडांना शाळेत टोमणे. मुलगा जामिनावर घरी, पण घरात कुणी त्याच्याशी सरळ बोलत नाही. जे बोलतात ते एकच बोलतात : तू आमचं नाव घालवलंस. मुलगा बाहेर पडतो. बाहेर त्याचे ऐकून घेणारे असतात तेच, ज्यांच्यासोबत तो पकडला गेला.

परदेशात जी थोड्या मुदतीची, नेटाने केलेली कुटुंबोपचाराची कामे झाली, त्यांची मुदत साधारण तीन ते पाच महिने असते. आपल्याकडे नेमका तेवढाच काळ हातात असतो आणि तो तारखांची वाट बघण्यात जातो.

*

समजा असे एक घर. घर कल्पनेतले आहे, त्यातला एकही माणूस खरा नाही. पण या शहरातल्या कुणालाही ते अनोळखी वाटणार नाही.

वडील जालना जिल्ह्यातल्या गावाहून आलेले, वाळूजला कंत्राटी कामगार, पंधरा दिवस रात्रपाळी. आई गुलमंडीवरच्या कापडदुकानांसाठी साड्यांना फॉल-पिको करते. आजी घरात. मुलगा सोळाचा, नववीनंतर शाळा सुटली. बहीण बारा वर्षांची. मुलगा मित्रांबरोबर एका चोरीच्या दुचाकीवर सापडला. कधीमधी "बटन" घेतो. या शहरात झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्यांना पोरे बटन म्हणतात, आणि ते मिळवायला फार लांब जावे लागत नाही.

वडील म्हणतात, "मी मेलो तरी याला फरक पडायचा नाही." आई म्हणते, "हे घरात असतात कधी? अन् असले की फक्त मारतात." आजी नातवाच्या हातात शंभराची नोट सरकवते आणि म्हणते, "लेकरू आहे, होतं." मुलगा गप्प. बहीण सगळे ऐकते.

परिविक्षा अधिकारी येतात, तासभर बसतात, अहवालात लिहितात : घरची परिस्थिती बेताची, वडिलांचे दुर्लक्ष, आजीचे लाड, वाईट संगत. चारही गोष्टी खऱ्या. अहवाल मंडळात जातो. घर जिथे होते तिथेच राहते.

*

१९७३. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले जेम्स अलेक्झांडर आणि ब्रूस पार्सन्स यांनी सॉल्ट लेक परगण्याच्या बाल न्यायालयाने पाठवलेल्या मुलांच्या कुटुंबांवर केलेले काम प्रसिद्ध केले. मुले तेरा ते सोळा वर्षांची. काही कुटुंबांना थोड्या मुदतीचा, नेमका आखलेला कुटुंबोपचार दिला. काहींना नुसते सहानुभूतीने ऐकून घेणारे कुटुंबगट. काहींना जुन्या पद्धतीची मनोविश्लेषणाकडे झुकणारी सल्लामसलत. काहींना काहीच नाही.

पुढच्या सहा ते अठरा महिन्यांत पुन्हा न्यायालयापुढे आलेली मुले अशी : नेमका कुटुंबोपचार मिळालेल्यांत २६ टक्के, काहीच न मिळालेल्यांत ५० टक्के, नुसत्या ऐकून घेण्याच्या गटात ४७ टक्के, आणि मनोविश्लेषणाच्या गटात ७३ टक्के.

शेवटचा आकडा डोळ्यांआड करू नये. मदतीच्या नावाखाली केलेले काम काही न करण्यापेक्षाही वाईट ठरू शकते. "समुपदेशन झाले" अशी टीप फाइलवर मारून घेणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे.

*

त्याच कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आकड्यांच्या आतला आहे. त्यांनी घरातल्या माणसांचे बोलणे मोजले. एकत्र बसवून विषय दिला आणि पाहिले : कोण किती बोलते, किती वेळ शांतता असते, कोण कुणाला मध्येच थांबवून विचारते.

उपचार लागू पडलेल्या घरांत बोलणे जास्त समसमान वाटले गेले, शांतता कमी झाली आणि मध्येच तोडून विचारणे वाढले. म्हणजे "थांब, तुझं काय म्हणणं आहे ते मला कळलं नाही" असे म्हणणे वाढले.

आपल्या घरांत मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, असे शिकवतात. ते शिकवणे वाईट नाही. पण ज्या घरात मुलगा वर्षभर मोठ्यांशी बोललेलाच नाही, तिथे त्याने मध्ये तोंड घातले तर ते बरे होण्याचे पहिले लक्षण मानावे.

*

अलेक्झांडर आणि पार्सन्स यांच्या या पद्धतीला पुढे "फंक्शनल फॅमिली थेरपी" हे नाव पडले. बैठका साधारण आठ ते बारा, अवघड घरात तिसाच्या आसपास. क्रम ठरलेला.

आधी घरातला एकमेकांवरचा दोषारोप खाली आणायचा. तोवर कुठलाही सल्ला द्यायचा नाही. मग त्या घरात कोण कुणाच्या जवळ जायला बघतो आणि कोण लांब पळतो, हे ओळखायचे. मग नवे वागणे शिकवायचे : मागणी स्पष्ट आणि छोटी करणे, देवाणघेवाणीचा करार करणे, करार मोडला तर काय, हे आधीच ठरवणे. शेवटी ते शाळेपर्यंत, कामापर्यंत, शेजारापर्यंत नेऊन टिकवायचे.

आपल्या कल्पनेतल्या घरात पहिल्या बैठकीला कार्यकर्ती काय करेल? वडील म्हणतील, "मॅडम, याला सांगा काहीतरी." ती मुलाला काहीच सांगणार नाही. ती वडिलांना म्हणेल, "दादा, रात्रपाळीवरून आल्यावर तुम्ही आधी याचं अंथरूण बघता, असं ताई म्हणाल्या. रिकामं दिसलं की काय होतं तुमचं?" वडील बराच वेळ बोलणार नाहीत. मग म्हणतील, "पोटात गोळा येतो." मुलगा तेव्हा पहिल्यांदा वर बघेल. वडिलांचा राग त्याने पाहिला होता. त्यांची भीती पाहिली नव्हती.

मारण्याची माफी यात नाही. मार थांबलाच पाहिजे, आणि ते कार्यकर्तीने त्याच बैठकीत स्पष्ट बोलायचे आहे. पण ज्याच्या भीतीला कुणी नाव दिले, तोच बाप दुसऱ्या दिवशी हात आवरण्याचा प्रयत्न करतो.

*

घरात धाकटी बहीणही आहे. १९७७ मध्ये क्लाइन, अलेक्झांडर आणि पार्सन्स यांनी त्याच कुटुंबांतल्या भावंडांची नोंद पाहिली. अडीच ते साडेतीन वर्षांनंतर न्यायालयापर्यंत पोचलेली भावंडे : नेमका कुटुंबोपचार मिळालेल्या घरांत २० टक्के, काहीच न मिळालेल्या घरांत ४० टक्के. बाकी दोन्ही गटांत त्याहून जास्त.

एका मुलाच्या निमित्ताने घरात गेलेला माणूस त्या घरातले पुढचे मूल वाचवून येतो. रिमांड होमच्या भिंतीआड केलेले उत्तमातले उत्तम काम हे करू शकत नाही, कारण धाकटी बहीण त्या भिंतीबाहेर आहे.

*

न्यूयॉर्कजवळची विल्टविक शाळा. शहराच्या गरीब वस्त्यांतली कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकोची मुले तिथे पाठवली जात. साल्वादोर मिनुचिन तिथे मानसोपचारतज्ज्ञ होते. मुलगा शाळेत सुधारायचा आणि घरी गेला की पुन्हा पूर्वीसारखा, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून त्यांनी घरांना बोलावले. त्यातून १९६७ चे "फॅमिलीज ऑफ द स्लम्स" हे पुस्तक आणि कुटुंबाच्या रचनेवर काम करण्याची त्यांची सगळी पद्धत उभी राहिली.

ही पद्धत शोधली गेली ती आपल्यासारख्याच दाटीच्या, तंगीच्या वस्तीसाठी. "हे श्रीमंतांचे चोचले" असे म्हणणाऱ्यांना एवढे सांगावे.

*

टेक्सासातल्या गॅल्व्हेस्टनचा प्रयोग मराठवाड्याच्या उपयोगाचा. रॉबर्ट मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो सुरू केला, पुस्तक १९६४ चे. लांबलांबून येणाऱ्या कुटुंबांना दर आठवड्याला येणे परवडत नसे. म्हणून अख्ख्या पथकाने दोन दिवस फक्त एकाच कुटुंबाला दिले. कधी सगळे एकत्र, कधी आई वेगळी, बाप वेगळा, मुलगा वेगळा, पुन्हा सगळे एकत्र. दोन दिवसांनी घर आपल्या गावी, काही महिन्यांनी पुन्हा भेट.

सोयगाव किंवा वैजापूरच्या बापाला बारा आठवडे बारा खेपा घालायला सांगणे म्हणजे त्याला येऊ नको म्हणण्यासारखे आहे. ऊसतोडीला गेलेल्या घराला तर विचारायलाच नको. दोन दिवस सलग, येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी देऊन, हे मात्र जमू शकते.

*

"मल्टिसिस्टेमिक थेरपी" ही आणखी नेटाची पद्धत. स्कॉट हेंगलर आणि सहकाऱ्यांची. एका कार्यकर्त्याकडे एका वेळी चार ते सहाच कुटुंबे. मुदत तीन ते पाच महिने. काम घरातच, घराला सोयीच्या वेळी, म्हणजे बहुधा संध्याकाळी. रात्री-अपरात्री फोन केला तरी पथकातले कुणीतरी उचलते.

मिझुरी राज्यातल्या चार्ल्स बॉर्डुइन यांच्या १९९५ च्या अभ्यासात १७६ मुले होती. चार वर्षांनी पुन्हा अटक झालेली : हा उपचार पूर्ण केलेल्यांत सुमारे २२ टक्के, एकट्या मुलावर केलेला उपचार पूर्ण केलेल्यांत ७१ टक्के. किरकोळ गुन्ह्यांची मुले ही नव्हेत. वारंवार पकडली गेलेली होती.

यातला मुख्य विचार साधा आहे. कार्यकर्ता काही महिन्यांनी जाणार, पालक मात्र राहणार. म्हणून मुलाला सुधारण्यापेक्षा पालकाला बळ द्यायचे : संध्याकाळी सातला मुलगा कुठे आहे हे सांगणारा एक शेजारी, फोन उचलणारा एक शिक्षक, पाळी बदलून देणारा एक मुकादम.

*

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर वाचकाची फसवणूक होईल.

इंग्लंडमध्ये ६८४ कुटुंबांवर मल्टिसिस्टेमिक थेरपीची मोठी चाचणी झाली. निष्कर्ष २०१८ मध्ये "लॅन्सेट सायकायट्री"त आले. अठरा महिन्यांनी नेहमीच्या सेवांपेक्षा ती सरस ठरली नाही. तिथल्या नेहमीच्या सेवाच बऱ्यापैकी भक्कम होत्या, हे एक संभाव्य कारण. वॉशिंग्टन राज्यात फंक्शनल फॅमिली थेरपीच्या अभ्यासात ९१७ कुटुंबांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्याचे निष्कर्ष २०१० चे. जिथे कार्यकर्त्यांनी पद्धत काटेकोर पाळली तिथे पुन्हा गुन्हे कमी झाले. जिथे नाव तेच पण काम मनमानी होते तिथे फायदा नव्हता, उलट परिस्थिती बिघडली.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. परदेशी पाटी लावून काही होत नाही. आणि जिथे आज घरासाठी काहीच नाही, तिथे नीट शिकवलेल्या, नीट तपासलेल्या कामाला वाव सर्वांत जास्त आहे.

*

आपल्याकडे घराला बरोबर घेऊन उपचार करण्याची परंपरा जुनी आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंत राहायला जागा दिली. बंगळुरूच्या निमहान्समध्ये कुटुंबासाठी स्वतंत्र केंद्र आहे, तिथे कुटुंबच्या कुटुंब राहून उपचार घेते.

आपल्या घाटी रुग्णालयात एक रुग्ण दाखल झाला की चार माणसे व्हरांड्यात चटई टाकतात. अडचणीच्या वेळी घर गोळा होते, ही इथली ताकद आहे. उपचाराची निम्मी लढाई परदेशात कुटुंबाला खुर्चीवर आणून बसवण्यात जाते. इथे ते आधीच बाहेर बसलेले असते, त्याला आत बोलवायचे आहे.

*

मुंबईत बालकांचा कायदा १९२४ मध्ये आला, चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ मध्ये उभी राहिली. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ती सुरुवात आपल्या वाट्याला आली नाही. पुढच्या एका कल्पनेचे तसे होऊ नये.

मुंबईतच १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती पोलिसांच्याच इमारतीत बसेल, ही कल्पना तेव्हा नवी होती. आता ती राज्यभर रुळली आहे. घरातल्या हिंसेसाठी जे जमले, ते मुलाच्या गुन्ह्यानंतरच्या घरासाठी न जमायला काही कारण नाही.

*

हिशेब. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या ठरलेल्या रचनेत समुपदेशकाचे पद एक. आपल्या जिल्ह्यात तालुके नऊ. त्या एका माणसाकडे बालविवाह, हरवलेली मुले, बालगृहे, अत्याचाराच्या केसेस, सगळेच येते.

नेटाने कुटुंबोपचार करणाऱ्याकडे एका वेळी पाच घरे. एका माणसाकडून अख्ख्या जिल्ह्याची अपेक्षा करणे आणि मग "समुपदेशनाने काही होत नाही" म्हणणे, हा त्या माणसावरही अन्याय आहे.

*

व्यापारी बांधवांसाठी एक टिपण. दुकानाच्या कॅमेऱ्यात सापडलेल्या मुलाचा चेहरा लोक सर्रास व्हॉट्सॲपवर फिरवतात : "हा चोर ओळखा." बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चित्रण पोलिसांना द्यावे, जरूर द्यावे. गटावर टाकू नये.

शिक्षेच्या भीतीपेक्षा मोठे कारण हे, की त्या मुलाचे उद्याचे काम याच बाजारात आहे. सोळा वर्षांच्या मुलाला धोकादायक नसलेले काम देता येते. ज्याचा चेहरा शंभर मोबाइलांत पडून आहे, त्याला कुणी गल्ल्याजवळ उभे करील का? कलम २४ सांगते की या कायद्याखालच्या दोषामुळे मुलाला पुढे कुठलीही अपात्रता चिकटू नये. सोळाच्या पुढच्या, प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा अपवाद सोडला तर नोंदही नष्ट करायची असते. कागदावरची नोंद शासन पुसते. मोबाइलमधली कोण पुसणार?

*

१९ मे २०२४, पुण्यातले कल्याणीनगर. सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. काही तासांत जामीन, आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. राज्यभर संताप उसळला, आणि तो रास्त होता. मुलाच्या वडिलांना आणि आजोबांनाही अटक झाली.

त्या संतापातून "सरळ तुरुंगात टाका" ही मागणी पुढे आली. माझे मत वेगळे आहे. निबंध मुलाने एकट्याने लिहायचा असतो आणि तुरुंगही एकट्यानेच भोगायचा असतो. दोन्हीकडे घर सुटते. अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या घराला आठवड्यामागून आठवडे समोर बसवून जाब विचारणे, हे निबंधाहून कितीतरी कठोर आहे. ज्यांची माणसे गेली त्यांना न्याय मिळालाच पाहिजे. कुटुंबोपचार हा न्यायाला पर्याय नाही. तो न्यायानंतरच्या आयुष्याची तजवीज आहे.

*

एक धोका. "घरावर काम" म्हणताना सगळे ओझे आईच्या डोक्यावर पडते. बैठकीला तीच येते, कारण बापाची पाळी असते. दोषही तिच्याच पदरात. म्हणून नियमच हवा : बैठक बाप घरी असेल त्या वेळी, मग ती रात्री नऊला असो की रविवारी. तो आला नाही तर त्याच्या कामाच्या ठिकाणी जाऊन भेटायचे.

*

दुसरा धोका. गरिबीला मानसिक आजार समजणे. घरात भाडे थकले आहे, शाळेचा दाखला अडकला आहे, बाप बिगारीवर आहे. तिथे "संवाद वाढवा" हा उपदेश पोकळ आहे. कार्यकर्तीच्या पिशवीत शाळाप्रवेशाचा अर्ज, शिधापत्रिकेचा अर्ज आणि व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांचा क्रमांक आधी हवा. विल्टविकपासून मिझुरीपर्यंत ज्यांनी हे काम गरीब वस्त्यांत केले, त्यांनी घराच्या भाकरीचाही विचार केला.

*

मुलाचीही जबाबदारी आहे. ज्याचा मोबाइल गेला तो एखादा हमाल असेल, तीन महिन्यांच्या हप्त्यावर घेतलेला असेल. ते नुकसान मुलाला दिसले पाहिजे, आणि शक्य असेल तिथे घराने मिळून ते भरून दिले पाहिजे. असे करारात लिहिता येते : पगारातले इतके पैसे, इतके आठवडे, आणि देताना बाप सोबत. माफी मागायला बाप बरोबर उभा राहिला, हे मुलगा आयुष्यभर विसरत नाही.

*

शेवटी मागणी, आकड्यांसह, म्हणजे कुणाला "बघू" म्हणता येणार नाही.

छत्रपती संभाजीनगरात दोन पूर्णवेळ कार्यकर्ते नेमावेत. एका वेळी प्रत्येकाकडे पाच घरे, मुदत चार महिने. वर्षाला तीन फेऱ्या, म्हणजे तीस घरे. बाल न्याय मंडळाने कलम १८ खाली घरे पाठवावीत. चौकशी चालू असतानाही, घराच्या राजीखुशीने आणि बैठकीत बोललेले मुलाच्या विरोधात वापरणार नाही या हमीवर, काम सुरू करावे. घाटीच्या मानसोपचार विभागाने दर आठवड्याला त्यांच्या कामाची तपासणी करावी, कारण काटेकोरपणा सुटला की हे काम घातक ठरते, हे वर आलेच आहे. तालुक्यांतल्या घरांसाठी दोन दिवसांची सलग बैठक, भाडे आणि मजुरीसह. आणि अठरा महिन्यांनी त्या तीस घरांतली किती मुले, किती भावंडे पुन्हा मंडळापुढे आली, हे नाव न देता जाहीर करावे.

महिला व बालविकास विभागाला हे आजच्या कायद्यात, नवा नियम न करता, करता येते. गुलमंडीवरच्या व्यापारी मंडळींनी आणि गणेश मंडळांनी वर्षाच्या वर्गणीतून एका कार्यकर्त्याचे वर्षभराचे मानधन उचलले तर विभागाची वाट बघण्याचीही गरज नाही. ज्या मुलांना आपण बाजारातून पकडून देतो, त्यांच्या घरापर्यंत जाण्याचा खर्च या बाजाराने उचलावा. एवढे आपल्या आवाक्यात आहे, आणि म्हणून ते आपले कर्तव्य आहे.